चाळीसचा स्पीड

२०११च्या एप्रिलमध्ये बातमी आली की गोदरेज अँड बॉईस कंपनीकडे शेवटची काहीशेच टंकयंत्रे विक्रीला उरली आहेत. उत्पादन त्याआधीच, २००९ साली थांबले होते. उरलेल्या यंत्रांत अरबी लिपीची बरीच होती. बातमी पसरता पसरता फुगली आणि ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ असे मथळे झाले. ते खरे नव्हते, विजेवर चालणारी यंत्रे तेव्हाही इतर देशांत बनत होती. पण मृत्युलेखात एवढी अतिशयोक्ती चालते. याच कंपनीने १९५५ साली देशी बनावटीचे पहिले टंकयंत्र काढले होते, त्याचीही उजळणी झाली. कळांचा खडखडाट, ओळ संपत आल्याची घंटी, रिबनची शाई लागून काळी झालेली बोटे, यांवर रकानेच्या रकाने भरले.

त्या रकान्यांमध्ये यंत्र चालवणारी माणसे जवळजवळ नव्हती. होती तीही यंत्राच्या शेजारी फोटोपुरती.

आपल्याकडे वस्तू मोडीत निघाली की तिच्यावर लेख लिहितात, आणि माणूस मोडीत निघाला की त्याला व्याख्यान देतात. कंदील, स्टोव्हची पिन, टेलिफोनचा डबा, सायक्लोस्टाइलचे यंत्र यांच्या वाट्याला जिव्हाळा येतो. ज्याचे पोट त्यांच्यावर चालत होते त्याच्या वाट्याला उपदेश येतो: धीर धर, स्वतःवर विश्वास ठेव, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ही म्हण घाव सोसणाऱ्याच्या तोंडून फारशी ऐकू येत नाही. एखाद्या पाथरवटाला विचारले तर तो सांगेल की बहुतेक दगडांची पायरी होते, उंबरा होतो, पाटा होतो. मूर्ती एखाद्याचीच. घाव मात्र सगळ्यांना पडतात. आणि खुद्द टाकीचे काय झाले? गल्लोगल्ली फिरून पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणाऱ्या बाया होत्या, मिक्सर आला आणि त्यांचे येणे थांबले. त्यांना देवपण आल्याचे ऐकिवात नाही.

माझे म्हणणे असे आहे. नोकरीत, धंद्यात पाय घसरल्यावर माणसाची उमेद टिकते ती मनोबळावर कमी आणि हातात उरलेल्या, मोजून दाखवता येणाऱ्या एखाद्या गोष्टीवर जास्त. ती गोष्ट त्याच्या हातात बहुधा दुसऱ्या कुणीतरी ठेवलेली असते. जुन्या साधनांची आठवण काढायचीच तर त्यांनी ही गोष्ट कुणाच्या हातात ठेवली आणि ती साधने गेल्यावर कुणाच्या हातातून ती निसटली, हे आठवावे. घंटीचा नाद आठवून काय करायचे?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दुकानाच्या माडीवर, एक टायपिंग इन्स्टिट्यूट असे. पाटीवर संस्थेच्या नावापेक्षा ‘शासनमान्य’ हा शब्द मोठा. आत बाकांवर रेमिंग्टन, गोदरेज, हल्डा, फॅसिट अशी यंत्रे. एका तासाची बॅच. पहिले कित्येक दिवस नुसते ‘ए-एस-डी-एफ-जी-एफ’ आणि ‘सेमिकोलन-एल-के-जे-एच-जे’, पानामागून पान. मान वर, नजर मजकुरावर, बोटांकडे पाहायचे नाही. मग शब्द, मग उतारे, मग स्पीड, लेटर आणि स्टेटमेंट.

इथे येणाऱ्यांची यादी पाहिली तर ती बरीचशी अडखळलेल्यांची यादी होती. बारावी सायन्सला गचकलेला. डी.एड.ला नंबर न लागलेली. १९८२च्या संपानंतर ज्याच्या वडिलांची गिरणी पुन्हा नीट सुरूच झाली नाही असा गिरणगावातला मुलगा. बी.ए. होऊन दोन वर्षे सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून बसलेला. लग्न ठरेपर्यंत घरात नुसती बसू नये म्हणून पाठवलेली मुलगी, जी पुढे फोर्टातल्या कचेरीत लागली आणि घराचा हप्ता भरू लागली. ‘नुसता बसू नकोस, टायपिंग तरी कर’ हे वाक्य किती घरांत उच्चारले गेले असेल! डॉक्टर, इंजिनिअर होण्याची स्वप्ने संपल्यावर त्या घरांतून ते ऐकू येई.

या क्लासने त्यांना धीर दिला असे मी म्हणणार नाही. बहुतेक क्लासवाले धीर देण्याच्या भानगडीत पडत नसत, ते फी घेत आणि चुका मोजत. त्यांनी दिला तो एक आकडा. इंग्रजी टंकलेखनात पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. मिनिटाला ४० शब्द म्हणजे २०० ठोके, सेकंदाला तीनाहून जास्त. चूक झाली की गुण कापले जात. परीक्षा सरकारी, तीही क्लासवाल्याच्या हातात नाही. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र म्हणून ती राज्यभर एकच. लिपिक-टंकलेखकाच्या भरतीला मराठी ३० किंवा इंग्रजी ४०चे प्रमाणपत्र लागे, आजही लागते.

या आकड्याचे महत्त्व आपण कमी लेखतो. नापास झालेल्या मुलाविषयी घरात, गल्लीत, नातेवाइकांत जी मते तयार होतात, त्यांना आधार नसला तरी ती खोडून काढता येत नाहीत. ‘लक्ष नाही’, ‘डोकंच नाही’, ‘उनाड आहे’ यांना उत्तर काय देणार? पण जूनमध्ये १२ असलेला स्पीड दिवाळीला ३० होतो, याच्याशी वाद घालता येत नाही. यंत्राला तुमचे आडनाव ठाऊक नसते, तुमचे इंग्रजी उच्चार कानावर पडत नाहीत, साहेबाची चिठ्ठीही त्याला वाचता येत नाही. पुढे मुलाखतीत वशिला चालला असेल, चालेच. फीचे पैसे नसलेला माडीपर्यंतही पोचत नसे, हेही खरे. तरीही, पोचलेल्याला तिथे रोज एक तास असा मिळे की त्यात त्याच्याविषयीचे मत कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसे. विश्वास ठेवायचा तर तो कशावर, याचे उत्तर त्याच्याकडे कागदावर छापलेले होते.

आता याची दुसरी बाजू. तोच आकडा पुढे कवडीमोल झाला.

१९९०च्या दशकात कचेऱ्यांत संगणक आले. कार्बन लावून चार प्रती काढण्याचे कसब, स्टेन्सिल न फाडता कापण्याचे कसब, तक्त्याच्या रकान्यांचे हिशेब डोक्यात करून कागद मधोमध बसवण्याचे कसब, ही सगळी एकदम निरुपयोगी झाली. म्हणजे मोजता येणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवणाराही बुडालाच की, असे कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याचा मुद्दा खरा आहे, पण तो सरसकट खरा नाही. सगळे टंकलेखक सारखे बुडाले नाहीत, आणि का नाहीत याचे कारण त्यांच्या जिद्दीत शोधून सापडणार नाही.

इंग्रजी टंकलेखक तरला. १८७४च्या सुमारास रेमिंग्टन कंपनीने शोल्स या संशोधकाचे यंत्र बाजारात आणले, त्यावरची अक्षरांची मांडणी थोड्या फरकाने आजच्या संगणकावरही तशीच आहे. सव्वाशे वर्षांत यंत्र आरपार बदलले, अक्षरांच्या जागा बदलल्या नाहीत. त्यामुळे हल्डावर बसलेली बोटे संगणकावर पहिल्या दिवशी चालली. माणसाला पडद्याची, माउसची, फाइल कुठे गेली याची भीती वाटली असेल, पण बोटांना नाही. नव्या यंत्रासमोर त्याला एक तरी गोष्ट शेजारच्या तरुण पोरापेक्षा बरी येत होती, आणि त्या वयात तेवढी पुरते.

मराठी टंकलेखकाचे तसे झाले नाही. त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे.

देवनागरीची शेकडो रूपे चाळीस-पंचेचाळीस कळांवर बसवताना यंत्र करणाऱ्यांनी अक्षरे तोडली. ख, भ यांसारखी अक्षरे पूर्ण नव्हतीच, आधी अर्धे रूप मारायचे आणि मग काना लावून ते पुरे करायचे. काही कळा दाबल्या तरी गाडी पुढे सरकत नसे. उकार, अनुस्वार यांच्या त्या कळा, म्हणजे एकाच जागी खाली-वर खुणा उमटवता येत. सगळ्यांत गमतीची वेलांटी. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी मारायची, अक्षर मागून. ‘दिवस’ लिहायचा तर आधी वेलांटी, मग द. मराठी टंकलेखकाची बोटे अशी लिपीच्या चित्राप्रमाणे चालत. उच्चाराशी त्यांचा संबंध नव्हता. हा एक वेगळाच अक्षरओळखीचा संस्कार होता आणि तो अंगात मुरायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागे. स्पीडची अट मराठीला ३० आणि इंग्रजीला ४० ठेवली ती उगीच नव्हे.

संगणकासाठी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट ही मांडणी काढली, पुढे १९९१च्या भारतीय मानकात ती आली. शास्त्र म्हणून ती उत्तम आहे. स्वर आणि मात्रा एका बाजूला, व्यंजने दुसऱ्या बाजूला, बहुतेक भारतीय लिप्यांना एकच नकाशा. अक्षर उच्चाराच्या क्रमाने लिहायचे: आधी द, मग वेलांटी. नव्याने शिकणाऱ्याला सोपी. पण पंधरा वर्षे रेमिंग्टनवर काम केलेल्या बाईंना ती म्हणजे हात बांधून पोहायला सांगण्यासारखे होते. जवळजवळ एकही कळ ओळखीची नाही, वेलांटीचा क्रमसुद्धा उलटा. ३०च्या स्पीडवरून थेट शून्यावर, तेही पंचेचाळिसाव्या वर्षी, कनिष्ठांसमोर.

इथे एक घटक असा होता की त्याचा फारसा गौरव झालेला नाही. पुण्यात सी-डॅकने आयएसएम आणि मॉड्युलर कंपनीने श्री-लिपी ही मराठीसाठीची सॉफ्टवेअरे केली, त्यांत इन्स्क्रिप्टच्या जोडीला टाइपरायटरची मांडणीही ठेवली. यादीतून एक पर्याय निवडायचा, की जुनी बोटे जशीच्या तशी चालू. वेलांटी आधी मारा, काना मागून लावा, पडद्यावर अक्षर बरोबर उमटेल. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने ते वाढीव काम होते आणि शुद्धतेच्या दृष्टीने तडजोड. त्यामागे दयाबुद्धी होती असे मी धरत नाही. गिऱ्हाईक कोण आहे हे त्यांना कळत होते, एवढेच. पण त्या एका पर्यायाने जिल्हा परिषदांत, वृत्तपत्रांत, छापखान्यांत कितीतरी माणसांची उमेद शाबूत ठेवली. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांना तेवढे जमले असेल असे मला वाटत नाही.

याची किंमतही मोजावी लागली. त्या काळातले बरेचसे मराठी मजकूर फॉन्टच्या खास सांकेतिक क्रमांकांत साठवले गेले. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. युनिकोड आल्यावर हे जुने मजकूर पालटून घेण्याची डोकेदुखी वर्षानुवर्षे पुरली, काही मजकूर तर वायाच गेले. याचा दोष पुष्कळदा ‘जुन्या वळणाच्या’ टंकलेखकांवर टाकला जातो. तो त्यांचा नव्हता. बोटे कोणत्या क्रमाने चालतात आणि अक्षर आत कोणत्या संकेताने साठते, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. आज रेमिंग्टन मांडणीने लिहूनही युनिकोडमध्ये मजकूर साठवता येतो. जुनी बोटे ठेवून नवा संकेत घेणे शक्य होते. ते वेळेवर झाले नाही, कारण ठरवणाऱ्यांपैकी कुणी त्या खुर्चीत बसलेले नव्हते.

करिअरच्या पडझडीवर बोलताना थोरांची उदाहरणे देण्याची प्रथा आहे, आणि टंकयंत्राच्या बाबतीत ते उदाहरण घरातच आहे. गोदरेज उद्योगाचे संस्थापक अर्देशीर गोदरेज मूळचे वकील. झांजिबारला एका खटल्यात अशिलासाठी सत्याला मुरड घालायला त्यांनी नकार दिला आणि वकिली सोडून ते मुंबईला परतले. मग शस्त्रक्रियेची उपकरणे बनवायला घेतली. ती चांगली होत होती, पण ज्या ब्रिटिश कंपनीला पुरवायची तिला त्यांवर भारतीय बनावटीचा शिक्का नको होता आणि अर्देशीरना तो हवाच होता. तो धंदाही बुडाला. तिसऱ्या खेपेला, १८९७ साली, लालबागमध्ये कुलपांचे काम सुरू केले. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे.

ही कथा सांगणारे तत्त्वनिष्ठेवर थांबतात. मला त्यात मेरवानजी कामा जास्त महत्त्वाचे वाटतात. हे अर्देशीरच्या वडिलांचे स्नेही. उपकरणांच्या धंद्याला त्यांनी पैसे दिले. तो धंदा बुडाल्यावर कुलपांसाठी पुन्हा दिले. पहिले कर्ज बुडालेल्या माणसाला दुसरे देणारा भेटला नसता तर अर्देशीरची निष्ठा तेवढीच सच्ची राहिली असती आणि आपल्याला त्यांचे नावही कळले नसते. माडीवरच्या टायपिंग क्लासात बसलेल्यांपैकी कितीजणांच्या वडिलांचे असे स्नेही होते? त्यांच्यासाठी मेरवानजी कामांची जागा, फार छोट्या प्रमाणात का होईना, सरकारी परीक्षेने घेतली होती. पहिल्यांदा बुडालेल्याला दुसऱ्यांदा उभे राहायला ती जागा देत होती.

दुसरे उदाहरण मुंबईच्या चंद्रकांत भिडे यांचे. त्यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायचे होते, घरच्या परिस्थितीने ते जमले नाही. टायपिंग-शॉर्टहँड शिकून ते युनियन बँकेत लागले. एकदा कचेरीतल्या टेलिफोन क्रमांकांची यादी टाइप करायला सांगितली, तर त्यांनी ती टेलिफोनच्याच आकारात टाइप केली. तिथून अक्षरे आणि चिन्हे यांनी चित्रे काढण्याचा नाद लागला. गणपती झाले, आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन झाला, नामवंतांची व्यक्तिचित्रे झाली, प्रदर्शने भरली. निवृत्त होताना बँकेने त्यांचे यंत्र त्यांना एक रुपयाला दिले. ही गोष्ट ‘आवड असेल तर सवड आणि मार्ग दोन्ही सापडतात’ अशा थाटात सांगितली जाते. त्यांच्या कलेविषयी मला आदरच आहे, पण त्या थाटात एक गोष्ट झाकली जाते. महिन्याच्या महिन्याला बँकेचा पगार येत होता. अवांतर अक्षरे ठोकायला लागणारी स्वस्थता त्या पगारात होती. ज्या साधनाने त्यांची पहिली इच्छा मारली असे वाटते, त्याच साधनाने दुसरीला पोसले, कारण ते साधन नोकरीला बांधलेले होते आणि नोकरी टिकणारी होती. कंत्राटावर दर अकरा महिन्यांनी नवा करार करणाऱ्या आजच्या डेटा एंट्री ऑपरेटरला टेलिफोनच्या आकाराची यादी सुचली, तरी तो ती करील का? त्याच्या कामाचे ठोके मोजले जातातच, पण त्या मोजणीचे प्रमाणपत्र त्याच्या खिशात येत नाही, ठेकेदाराच्या बिलात जाते.

यावर हमखास येणारा आक्षेप: मग माणसाने स्वतः काही करायचेच नाही का? सगळे व्यवस्थेवर सोडायचे? तसे मी म्हटलेले नाही. पहाटे सहाच्या बॅचला सायकल मारत येऊन ‘ए-एस-डी-एफ’ची पाने भरणारा स्वतःच करत होता, दुसरे कोण करणार? तहसील कचेरीच्या आवारात झाडाखाली टेबल मांडून प्रतिज्ञापत्रे टाइप करणाऱ्यांनी पुढे तिथेच संगणक आणि प्रिंटर आणले, तेही स्वतःच्या हिमतीवर. मेहनत सगळीकडे आहे. फरक पडतो तो मेहनतीचे मोजमाप कुणाच्या ताब्यात आहे याने. ते करणाऱ्याच्या ताब्यात असेल तर पडल्यावरही त्याला आपण कुठे उभे आहोत हे कळते. मालकाच्या ताब्यात असेल तर पडल्यावर त्याच्याजवळ राहते ती फक्त मालकाची त्याच्याविषयीची तक्रार. अशा वेळी ‘स्वतःवर विश्वास ठेव’ म्हणणे म्हणजे रिकाम्या हाताला मूठ आवळायला सांगणे.

हे सगळे आज पुन्हा काढण्याचे कारण उघड आहे. अनुवादक, मुद्रितशोधक, डीटीपी करणारे, उपशीर्षके लिहिणारे यांच्याकडे आता यंत्राने आधीच लिहिलेला मजकूर ‘जरा नजर फिरवून द्या’ म्हणून येतो. दर कमी, कारण लिहिले यंत्राने. जबाबदारी पूर्ण, कारण चूक राहिली तर नाव यांचे. यांतले काहीजण पूर्वी टंकलेखक होते. वेलांटी आधी मारणारी त्यांची बोटे एकदा वाचली, आता त्यांना नवे शिका असे सांगण्यात येते आहे. शिकतीलही. पण शिकल्याचे माप कोणते?

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद टंकलेखनाची परीक्षा आता संगणकावर घेते. परिषदेने यंत्राने लिहिलेल्या मराठी मजकुराचे संपादन हा विषय तीत घालावा. तासाभरात अमुक शब्दांचा मजकूर तपासायचा, पेरलेल्या चुकांपैकी किती सापडल्या आणि बरोबर असलेले किती बिघडवले, यांचे गुण द्यायचे. ३० आणि ४० यांसारखे दोन स्तर ठेवायचे. त्या प्रमाणपत्राच्या आधारे शासनाच्या आणि विद्यापीठांच्या कामाचा दर बांधून द्यायचा. प्रश्नपत्रिका काढायला आणि पेपर तपासायला माणसे शोधावी लागणार नाहीत. निवृत्त टंकलेखक आणि मुद्रितशोधक अजून आहेत, आणि चूक मोजण्याचा त्यांच्याइतका सराव दुसऱ्या कुणाला नाही.